एकेकट्यांचा कोरस

सुरुवातीला खोलीत कुणीच नसतं. पलंग, कपाट, गालिचा, अर्धवट उघडं दार. शेजारच्या चौकटीत दुसरी खोली, तिच्या शेजारी तिसरी. रिकाम्या खोलीचा म्हणून जो एक बारीक घुमारा असतो, तेवढाच कानावर येतो. मग कुणीतरी कॅमेरा सुरू करून मागं सरकतं. दुसऱ्या चौकटीत कुणीतरी आत येतं. जमिनीवर पाय आपटल्याचा धप्प आवाज होतो. एक हात वर जातो, बाजूच्या चौकटीतलाही हात वर जातो, त्याच्याही बाजूचा. आणि बघता बघता, एकमेकांना कधीही न भेटलेली, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या दिवशी, आपापल्या बंद खोलीत एकटीच नाचलेली माणसं एका रांगेत, एका ठेक्यावर नाचायला लागतात. कंबर एकदम वळते. गिरकी एकदम घेतली जाते.

नताली बुकचिन या अमेरिकन कलावतीची २००९ सालची ही कलाकृती. लांबी सुमारे सात मिनिटं, नाव 'मास ऑर्नमेंट'. मी ती पहिल्यांदा पाहिली ती रात्री उशिरा, लॅपटॉपवर, कानात इअरफोन घालून. म्हणजे ती माणसं जशी एकटी नाचली होती तशीच एकटी बसून. संपल्यावर लगेच पुन्हा लावली. अंगावर काटा आला होता, आणि तो का आला हे धड सांगता येत नव्हतं. तेव्हापासून त्या 'का'च्या मागं लागले आहे.

यातलं एकही पाऊल बुकचिननं बसवलेलं नाही, एकाही नर्तकाला बोलावलेलं नाही. यूट्यूबवर लोकांनी आपणहून टाकलेले नाचाचे व्हिडिओ तिनं धुंडाळले आणि त्यांतल्या सारख्या हालचाली शोधून शेजारीशेजारी मांडल्या. सारख्या हालचाली सापडतात हेच मुळात आश्चर्य. ही मंडळी एकमेकांची नक्कल करत नव्हती, एकमेकांना ओळखतही नव्हती. पण गाणी तीच, गाण्यांच्या व्हिडिओत पाहिलेला नाच तोच. कॅमेरा टेबलावर ठेवलेला, त्यामुळं त्याची उंचीही तीच. खोलीत पलंग असल्यामुळं मोकळी जागा तेवढीच, म्हणून पावलंही तेवढीच. घराघरातल्या त्या चौकोनी जागेनंच अर्धा नाच बसवला आहे, हे पाचव्या-सहाव्यांदा पाहताना माझ्या ध्यानात आलं. त्यानंतर नाचणाऱ्यांपेक्षा त्यांच्यामागच्या भिंतीच मी जास्त पाहू लागले.

कलाकृतीचं नाव उसनं आहे. सिगफ्रीड क्राकाउअर या जर्मन लेखकानं १९२७ साली याच नावाचा एक निबंध लिहिला होता. 'मास ऑर्नमेंट' म्हणजे जमावाच्या देहांतून काढलेली नक्षी. त्याच्यासमोर उदाहरण होतं टिलर गर्ल्स या नृत्यपथकाचं. एका मापाच्या मुली, एका रेषेत उभ्या, एका क्षणी उचललेले पाय. क्राकाउअरला त्या पायांत कारखान्यातल्या पट्ट्यावर काम करणारे हात दिसले. एकेका मुलीला, एकेका कामगाराला स्वतःचा अर्थ नाही, अर्थ आहे तो वरून पाहणाऱ्याला दिसणाऱ्या नक्षीला. बुकचिननं ही कल्पना ऐंशी वर्षांनी उचलली आणि तिला दोन चित्रपटांचा आवाज जोडला. एक 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३५', बझ्बी बर्कलीचा झगमगाटी हॉलिवूडपट. दुसरा त्याच वर्षीचा, लेनी रीफेनश्टालनं नाझींच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर केलेला 'ट्रायम्फ ऑफ द विल'. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना माणसांच्या रांगा लावल्या जात होत्या, एकीकडे करमणुकीसाठी, दुसरीकडे सत्तेसाठी. ते दोन्ही सूर या झोपण्याच्या खोल्यांत घुमतात. नाचणारी मुलगी आनंदात आहे, यात तिळमात्र शंका नाही. तरीही तिच्यामागून येणाऱ्या त्या संगीतानं पोटात गोळा येतो. कारखान्यात मुकादम होता, मेळाव्यात फौजदार होता. इथं दार बंद आहे, कुणी सांगितलेलं नाही, कुणी पाहतही नाही, आणि तरी रांग जुळते.

कुणी पाहत नाही असं म्हटलं खरं, पण एकजण पाहत असतं. ती स्वतः.

हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जायला हवं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात आणि व्हिडिओच्या कॅमेऱ्यात एक मोठा फरक होता, आता तो कुणाच्या लक्षातही राहिलेला नाही. फिल्म धुवायला टाकावी लागे. आपण कसे दिसलो ते कळायला दिवस जात. १९६७ साली सोनी कंपनीनं पोर्टापॅक नावाचा खांद्याला अडकवून नेता येणारा व्हिडिओसंच आणला आणि माणसानं स्वतःला पाहण्याची रीतच बदलली. कॅमेऱ्याची तार टीव्हीला जोडली की तुम्ही त्याच क्षणी पडद्यावर. हात हलवा, पडद्यावरचा हात हलतो. हा आरसाच. पण आरसा विसरतो, आणि हा सगळं टेपवर उतरवून ठेवतो.

चित्रकार, शिल्पकार या आरशावर तुटून पडले. व्हिटो अकाँची या न्यूयॉर्कच्या कलावंतानं १९७१ साली 'सेंटर्स' नावाची टेप केली. समोरच्या मॉनिटरवर त्याचं स्वतःचंच चित्र दिसतं आहे आणि त्या चित्राच्या बरोबर मध्यावर तो बोट रोखून बसला आहे. वीस-बावीस मिनिटं, दुसरं काही नाही. हात भरून येतो, बोट थरथरतं, पुन्हा नेम धरला जातो. तो बोट दाखवतो आहे स्वतःकडे, पण पाहणाऱ्याला वाटतं की आपल्याकडे. रोझालिंड क्राऊस या समीक्षिकेनं १९७६ साली यावरून मोठा निष्कर्ष काढला. तिचं म्हणणं असं की व्हिडिओ या माध्यमाचं मूळ द्रव्य टेप नाही, यंत्र नाही, तर आत्ममग्नता ही मनाची अवस्था आहे. माणूस कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये कोंडला जातो आणि स्वतःलाच पाहत राहतो.

चाळीसएक वर्षांनी, टाळेबंदीच्या दिवसांत, सकाळच्या ऑनलाइन बैठकीत बसलेली असताना मला एकदम हा अकाँची आठवला. पडद्यावर सतरा चौकटी होत्या, कुणीतरी महत्त्वाचं बोलत होतं, आणि मी पूर्ण वेळ कोपऱ्यातल्या माझ्याच चौकटीकडे पाहत होते. केस सारखे करत होते, हसरा चेहरा धरून ठेवत होते. बाकीच्या सोळाजणांच्या नजराही कुठल्या कुठल्या कोपऱ्यात खिळल्या होत्या. हे चित्र पन्नास वर्षांपूर्वीच काढून ठेवलेलं होतं.

पण क्राऊसचं म्हणणं मला अर्धंच पटतं, आणि ते न पटण्याचं कारण आहे वेंडी क्लार्क. १९७७ साली तिनं 'लव्ह टेप्स' हा उपक्रम सुरू केला. एक छोटीशी बंद जागा, आत कॅमेरा आणि मॉनिटर. वाटेल त्यानं यावं, आवडीचं गाणं निवडावं, दार लावून घ्यावं. गाणं वाजेल ती तीन मिनिटं प्रेमाविषयी बोलावं. समोर दिसतो तो आपलाच चेहरा. झालं की टेप स्वतः पाहायची आणि ठरवायचं, ती इतरांना दाखवायची की पुसून टाकायची. १९८० साली तिनं हे न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये मांडलं. कामाला निघालेली, जेवायला बाहेर पडलेली माणसं आत शिरत आणि तीन मिनिटांत कधी कुणाजवळ न बोललेलं बोलून जात. आरसा तोच, यंत्र तेच. पण इथं माणूस आरशातून पलीकडे कुणाशी तरी बोलत होता. ज्याला तो ओळखत नव्हता अशा कुणाशी तरी. इंटरनेट घराघरात येण्याच्या कितीतरी आधी कॅमेऱ्यापुढं एकट्यानं बसून मन मोकळं करणं ही गोष्ट क्लार्कनं शोधून काढली होती.

मग २००५चा एप्रिल आला. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ चढला, एकोणीस सेकंदांचा. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एक तरुण सांगतो की यांची सोंड फार लांब आहे. सांगण्यासारखं एवढंच, आणि तो कुणाला सांगतो आहे त्याचा पत्ता नाही. क्लार्कच्या बंद जागेचं दार उघडलं होतं. फक्त टेप आपल्या हातात राहण्याची सोय गेली होती.

दोन वर्षांनी पेट्रा कॉर्टराइट या कॅलिफोर्नियातल्या तरुण मुलीनं एक स्वस्तातला वेबकॅम विकत आणला. त्याच्यासोबत फुकटची चित्रं यायची, पिझ्झाचा तुकडा, मांजर, विजेचा लोळ. ती कॅमेऱ्यासमोर बसली, संगीत लावलं आणि ही चित्रं आपल्या चेहऱ्याभोवती तरंगवत राहिली. सुमारे पावणेदोन मिनिटं. 'वेबकॅम' हेच नाव, फक्त इंग्रजी अक्षरांत सुरुवातीला डब्ल्यूऐवजी दोन व्ही. ती हसत नाही, बोलत नाही, नाचत नाही. ओठ जरासे विलग, डोळे पडद्यावर, पडद्याचा उजेड गालावर. पहिल्यांदा पाहताना काहीच घडत नाही असं वाटलं. मग एकदा रात्रीच्या लोकलमध्ये समोरच्या बाकावरची बाई फोनवर बोट फिरवताना दिसली, आणि तिचा चेहरा थेट तो होता. तिच्या शेजारच्या मुलाचाही तोच. खिडकीच्या काचेत माझाही. पडद्यासमोर माणूस एकटा असताना त्याचा चेहरा कसा होतो, हे त्या पावणेदोन मिनिटांपूर्वी मी पाहिलेलंच नव्हतं. कॅमेरा समोर आला की आपण आधी चेहरा बदलतो, मग तो चेहरा दिसणार कसा? कॉर्टराइटनं तो न बदलता ठेवला, एवढंच तिचं कसब. मला ते थोर वाटतं.

बुकचिनकडे परत येते, कारण नाचानंतर तिनं जे केलं ते माझ्या मते या सगळ्या प्रांतातलं सर्वांत मोलाचं काम आहे.

२००८च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बेकारीचा दर १० टक्क्यांवर गेला. नोकरी गेलेली माणसं घरी आली, आणि त्यांतल्या कित्येकांनी कॅमेरा सुरू करून आपली हकिगत सांगितली. घरच्यांना सांगायच्या आधी सांगितली की नंतर, देव जाणे. बुकचिननं हे व्हिडिओ गोळा केले आणि 'टेस्टामेंट' या मालिकेत 'लेड ऑफ' नावाचं एक प्रकरण केलं. काळा पडदा. त्यावर एक चेहरा उगवतो आणि सांगू लागतो. वाक्य पुरं व्हायच्या आत बाजूला दुसरा चेहरा, तेच वाक्य. मग तिसरा, पाचवा. एखादा शब्द सगळ्यांच्या तोंडून एकदम येतो, नंतर सगळे विझतात आणि एकटाच कुणीतरी पुढचं सांगत राहतो. भजनात बुवांनी चरण म्हणावा, मागच्या टाळकऱ्यांनी तो झेलावा, पुन्हा बुवांनी एकट्यानं पुढं जावं, अगदी तसं. कसं कळवलं, किती वर्षं चाकरी झाली होती, राग कसा उसळला, आणि मग आपल्याकडच्या 'चालायचंच'सारखा तो सूर. चेहरे गोरे, काळे, तरुण, उतारवयाचे. पण आवंढा सगळे एकाच ठिकाणी गिळतात.

मालिकेतलं दुसरं प्रकरण 'माय मेड्स'. यात लोक मनाच्या आजारावर आपण घेत असलेल्या गोळ्यांची नावं सांगतात. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम. एकामागून एक नावं येतात, काही एकट्याच्या तोंडून, काही सगळ्यांच्या. ऐकता ऐकता त्याची नामावळी होते. ज्या गोष्टीविषयी माणसं सख्ख्या भावाशी बोलत नाहीत ती इथं एका लयीत म्हटली जाते, आणि मला तर ते ऐकताना हात जोडावेसे वाटले.

हे घडतं कसं? बुकचिननं या व्हिडिओंतून काय काढून टाकलं ते पाहिलं की उलगडा होतो. मूळ जागी प्रत्येक व्हिडिओच्या खाली आकडा असतो, किती जणांनी पाहिला. त्याखाली शेरे. बाजूला पुढच्या व्हिडिओंची उतरंड. त्या उतरंडीत कुणीतरी वर असतो, कुणीतरी तळाशी. हजारो जणांनी पाहिलेलं दुःख वर, सातजणांनी पाहिलेलं दुःख कुठंतरी खाली, जिथं कुणी जात नाही. बुकचिननं आकडे पुसले, शेरे पुसले, आणि उभ्या यादीची आडवी रांग केली. बस्स. यादीची पंगत झाली. पंगतीत वरखाली नसतं. सातजणांनी पाहिलेला माणूस हजारोंनी पाहिलेल्याच्या मांडीला मांडी लावून बसतो, आणि दोघांच्या पानात तेच वाढलेलं आहे हे आपल्याला दिसतं.

त्यांना मात्र ते दिसलं नव्हतं. प्रत्येकाला आपला अनुभव जगावेगळा वाटत होता, म्हणून तर तो सांगत होता. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस एकाच वेळी जगाशी बोलत असतो आणि खोलीत ठार एकटा असतो. ही अवस्था माणसाच्या इतिहासात नवी आहे. चावडीवर बोलणाऱ्याला समोरच्याच्या माना हलताना दिसायच्या, रेडिओवर बोलणारा निदान कामावर असायचा. इथं माणूस बोलतो, थांबतो, पडद्याकडे बघतो, आणि उत्तर म्हणून त्याला त्याचाच चेहरा दिसतो. एका व्हिडिओत हे एकटेपण कळत नाही. तीस व्हिडिओ शेजारीशेजारी लागले की कळतं, जसा दाणे वेगवेगळ्या मुठींत असताना राशीचा आकार कळत नाही.

एक गोष्ट टोचत राहते. क्लार्कच्या टेपा पुसण्याचा हक्क बोलणाऱ्याकडे होता. इथल्या माणसांनी आपले व्हिडिओ चारचौघांत ठेवले होते हे खरं, पण ते कोरसात उभे राहायला आले नव्हते. स्वतःच्या जगावेगळ्या दुःखाची तीस रूपं शेजारी पाहून त्यातल्या कुणाला दिलासा वाटला असता, कुणाला अपमान. बुकचिन कुणाची टिंगल करत नाही, कुणाचा चेहरा विचित्र जागी गोठवत नाही, आणि हे सांभाळणं सोपं नाही, कारण तसा सवंग मसाला तिच्या हाताशी भरपूर होता. तिच्या कापण्या-जोडण्यात आदब आहे. तरीही ती टोचणी जात नाही, आणि जाऊ नये असंही मला वाटतं.

दुसऱ्याचं भयंकर पाहिल्यावर आपलं काय होतं, याच्या मागं ईवा आणि फ्रँको मॅटेस हे इटालियन जोडपं लागलं आहे. २०१२च्या 'एमिलीज व्हिडिओ'मध्ये त्यांनी स्वयंसेवकांना एक अत्यंत भीषण व्हिडिओ दाखवला आणि पाहतानाचे त्यांचे चेहरे टिपले. मूळ व्हिडिओ नंतर नष्ट केला. आपल्या वाट्याला येतात ते फक्त चेहरे, तोंडावर गेलेले हात, हसू येता येता मध्येच मोडलेलं. काय दिसलं असेल याची कल्पना आपण करत बसतो, आणि ती कल्पना आपलीच असते. पुढं २०१५च्या सुमारास त्यांनी 'डार्क कंटेंट' ही मालिका केली, ती अशा नोकरदारांवर ज्यांचं काम दिवसभर असलं काही पाहून ते इंटरनेटवरून काढून टाकणं. आपल्याला स्वच्छ पडदा मिळावा म्हणून घाण उपसणारी ही माणसं. त्यांची नावं, चेहरे, आवाज झाकायचे होते, म्हणून मॅटेस दांपत्यानं त्यांचं बोलणं संगणकानं घडवलेल्या आकृत्यांच्या आणि यंत्राच्या आवाजात ऐकवलं. सपाट आवाजात सांगितलेली ती कहाणी रडून सांगितलेल्या कहाणीपेक्षा जास्त वेळ मनात राहते.

आणि मग थकवा. या थकव्याला कामील आँरो या फ्रेंच कलावतीनं नावच दिलं, 'ग्रोस फतीग', म्हणजे प्रचंड शीण. २०१३च्या व्हेनिस बिएनालेत या तेरा मिनिटांच्या व्हिडिओला सिल्व्हर लायन मिळाला. सुरुवात होते संगणकाच्या साध्या पडद्यापासून, मागं आकाशगंगेचं चित्र. एक खिडकी उघडते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. खिडक्यांत काय काय, तर पुस्तकाची पानं उलटणारे रंगीत नखांचे हात, कासव, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले कप्पे, ज्यांत पेंढा भरलेले पक्षी ओळीनं निजवले आहेत. वर एक आवाज ढोलाच्या ठेक्यावर विश्वाच्या जन्माची कथा सांगतो. एका धर्माची, एका देशाची नाही. मिळतील तेवढ्या सगळ्या उत्पत्तिकथा आणि त्यांत विज्ञानाचीही, सगळ्या एकाच दमात. तेरा मिनिटांत विश्व निर्माण होतं, भरतं, फार भरतं. शेवटाकडे आवाज खरोखर थकल्यासारखा वाटतो आणि आपणही. सगळं काही माहीत असू शकतं ही भावना रात्री दोन वाजता हातात फोन धरलेल्या माणसाला जशी जाणवते, आधी नशा आणि मग डोळ्यांमागं जडपणा, तशीच ती इथं चढते नि उतरते.

आता थोडं पडद्यावरच्या या हलत्या चित्राच्या आतच शिरू, कारण तिथलं काम मला कुठल्याही जादूपेक्षा अद्भुत वाटतं. फोनवर चालणारा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस पूर्ण चित्रं, असा आपला समज असतो. तसं नसतं. एवढी चित्रं पाठवायला जागा पुरणारच नाही. म्हणून अधूनमधून एखादं पूर्ण चित्र ठेवतात आणि मधल्या सगळ्या वेळात फक्त बदल लिहून ठेवतात. हा चौकोन इतका डावीकडे सरकला, तो थोडा काळवंडला. बोलणाऱ्या माणसाचे ओठ हलतात तेवढे नवे, त्याच्यामागची भिंत मघाचीच. म्हणजे परदेशातल्या मुलाशी आपण व्हिडिओवर बोलतो तेव्हा त्याचा चेहरा आत्ताचा असतो आणि त्याच्यामागचं घर कधी कधी काही सेकंदांपूर्वीचं. ताकेशी मुराता या कलावंतानं २००५च्या 'मॉन्स्टर मूव्ही'मध्ये ही गाठ मुद्दाम सोडली. अधूनमधूनची पूर्ण चित्रं काढून टाकली आणि नुसत्या बदलांच्या नोंदी राहू दिल्या. मग एका चित्राची हालचाल भलत्याच चित्राला लागू होते. जुन्या सिनेमातला राक्षस रंगांच्या चिखलातून उठतो, वितळतो, पुन्हा त्याच चिखलात मिसळतो.

व्हिडिओ एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी पुन्हा असाच पिळून लहान केला जातो आणि दर वेळी थोडा झिजतो. दहा गटांतून फिरून आलेली क्लिप धुरकट दिसते ती म्हणून. हितो श्टायर्ल या जर्मन कलावतीनं २००९ साली अशा चित्रांची बाजू घेऊन एक निबंध लिहिला आणि त्यांना 'गरीब चित्रं' म्हटलं. तिच्या लेखी तो धुरकटपणा हा प्रवासाचा शिक्का. किती हातांतून गेलं, किती जणांना ते पुढं द्यावंसं वाटलं, हे त्याच्यावर उमटलेलं असतं. घरातली चांदीची वाटी हाताळून हाताळून गुळगुळीत होते, तिची नक्षी पुसट होते. तसंच काहीसं.

अशा पुसट चित्रांचा मला माहीत असलेला सर्वांत देखणा सिनेमा मुंबईत घडला. शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांचा 'कँप' हा गट खारजवळच्या चुईम गावात काम करायचा. त्यांचा 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' २०१३चा, ८३ मिनिटांचा. कच्छच्या आखातातून निघून शारजा, इराण, सोमालियाकडे माल वाहून नेणाऱ्या लाकडी जहाजांवरचे खलाशी हे त्याचे छायाचित्रकार. साध्या फोनवर काढलेल्या त्यांच्या क्लिपा, कधी कधी इतक्या बारीक की समुद्र म्हणजे निळ्या ठोकळ्यांची दाटी. भर समुद्रात नेटवर्क नाही, त्यामुळं हा आपल्या ओळखीचा इंटरनेट नव्हेच. क्लिप या फोनवरून त्या फोनवर ब्लूटूथनं जायची, मेमरी कार्डावरून जायची, बंदरात जहाजं शेजारी लागली की हातोहात पसरायची. आणि प्रत्येक क्लिपला खलाशांनी स्वतः गाणं जोडलेलं. लाटेवर चढणाऱ्या जहाजाला कव्वाली, डेकवर बकऱ्या चढवतानाच्या दृश्याला सिनेमातलं गाणं. दिग्दर्शकांनी ती गाणी तशीच ठेवली. इन्स्टाग्रामवर आज लोक हेच करतात, आधी दृश्य टिपतात, मग त्यावर मनातलं गाणं चढवतात. खलाशांना ते कुणी शिकवलं नव्हतं. घरापासून महिनोन्महिने दूर असलेल्या माणसाला नुसतं दृश्य पुरत नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं होतं.

मुंबईचंच दुसरं नाव नलिनी मलानी. अकबर पदमसींनी मुंबईत चालवलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये १९६९ साली त्यांनी फिल्मवर काम सुरू केलं. सत्तरी ओलांडल्यावर त्या आयपॅडवर बोटानं चित्रं काढून ती हलती करू लागल्या आणि इन्स्टाग्रामवर टाकू लागल्या. त्यांतून 'कॅन यू हिअर मी?' ही मांडणी उभी राहिली. अंधाऱ्या दालनात अठ्ठ्याऐंशी चलचित्रं भिंतीवर एकमेकांवर आदळतात. एका चिमुरडीवरच्या अत्याचाराची बातमी या मांडणीच्या मुळाशी आहे. बातमी वाचून बोट पुढं सरकवावं की थांबावं, या क्षणी मलानींचं बोट थांबलं आणि रेघ ओढू लागलं.

बुकचिनचं शेवटचं एक काम सांगायचं राहिलं. वर्षानुवर्षं यूट्यूब चाळताना तिच्या ध्यानात आलं की इथं जग आहे असं आपण म्हणतो, पण गरीब माणूस इथं स्वतःविषयी बोलताना फारसा दिसत नाही. त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ. ज्याला खोलीच नाही तो दार लावून कॅमेऱ्यासमोर बसणार कुठं? म्हणून २०१६च्या 'लाँग स्टोरी शॉर्ट'साठी तिनं शोधणं सोडलं आणि ती उठून गेली. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले बेघरांचे निवारे, अन्नवाटपाची ठिकाणं, साक्षरता वर्ग. शंभराहून जास्त माणसं. त्यांना तिनं लॅपटॉपच्या वेबकॅमसमोर बसवलं, ज्या चौकटीत इतकी वर्षं बाकीचं जग बसत आलं होतं त्याच चौकटीत, आणि गरिबीविषयी विचारलं. माणसं बोलू लागली. एकाचं वाक्य दुसरीनं उचललं, तिचं तिसऱ्यानं. पण या वेळी मागच्या भिंती वेगळ्या होत्या. पलंग नव्हता, कपाट नव्हतं, अर्धवट उघडं दार नव्हतं. आणि बोलणाऱ्याच्या समोर, लॅपटॉपच्या पलीकडे, ऐकायला कुणीतरी बसलेलं होतं.